चादरीच्या बिलिंगमधली कॉपी-पेस्ट आणि गुंता: टूल लावून शोधायची रीत

२२ सप्टेंबर २०२५ पासून चादर, बेडशीट अशा तयार कापडी मालावरचा जीएसटी बदलला. आधी नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के होता. आता २५०० पर्यंत ५ आणि त्यापुढे १८. सोलापुरात चादर-टॉवेलवाल्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला हे खरं तर एका ओळीचं काम. पण तीच अट विक्री बिल, कोटेशन, परतीचा माल आणि महिन्याचा रिपोर्ट अशी चार ठिकाणी पेस्ट केलेली असेल, तर एखादी जागा हमखास राहते आणि बिलाचा रिपोर्टशी मेळ बसत नाही. या जागा डोळ्यांनी शोधत बसू नका. खाली जावा भाषेतला प्रोजेक्ट धरला आहे.

आधी कॉपी शोधा, गुंता (फंक्शनमधली अटी आणि फाट्यांची गर्दी) नंतर. गुंतलेलं फंक्शन वाचायला त्रास देतं, पण राहून गेलेली कॉपी थेट चुकीचं बिल छापते.

त्यासाठी पीएमडी या कोड तपासणाऱ्या टूलमधलं सीपीडी, म्हणजे कॉपी-पेस्ट शोधणारा भाग, वापरा. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: सोर्स फोल्डर, आणि किमान किती टोकन (कोडमधले सुटे शब्द, आकडे, चिन्हं) सलग सारखी दिसली की कॉपी धरायची; भाषा न सांगितल्यास ते जावाच धरतं. सुरुवात १०० टोकनांनी करा. थेट ३० वर गेलात तर गेटर-सेटरसारख्या ठरावीक छोट्या फंक्शनांचीच रांग लागेल आणि कामाची कॉपी त्यात हरवेल. शंभरची यादी निपटली की ५० वर या. टूलने आपोआप तयार केलेला कोड मात्र पहिल्यापासून वगळा.

इथे बहुतेकांची एक गोष्ट सुटते. एका कॉपीत २५०० झालं आणि दुसरीत १००० राहिलं, की सीपीडीच्या लेखी दोन्ही तुकडे त्या आकड्यापाशी तुटतात. तुटलेला प्रत्येक भाग शंभर टोकनांच्या खाली गेला, की ती जोडी यादीतच येत नाही. म्हणजे जी कॉपी सापडायलाच हवी, नेमकी तीच लपते. म्हणून लिटरल, म्हणजे कोडमध्ये थेट लिहिलेले आकडे आणि मजकूर, दुर्लक्षित करण्याचा पर्याय चालू करून दुसऱ्यांदा चालवा. व्हेरिएबलची नावं बदलून पेस्ट केल्याचा संशय असेल, तर आयडेंटिफायर (ही नावं) दुर्लक्षित करण्याचाही. याने खोट्या जोड्या वाढतात, तेव्हा ही यादी माणसानेच वाचायची.

गुंता मोजायला लिझार्ड हे टूल पुरेसं आहे. ते पायथनच्या पिपने बसतं. मोजणीचं सूत्र थॉमस मॅकेब यांचं, १९७६ चं. फंक्शनला मुळात १, मग प्रत्येक इफ, लूप, केस, कॅच, 'आणि', 'किंवा' याला एकेक; एल्सला काही नाही. ग्राहक महाराष्ट्रातला आहे का हे बघणारा एक इफ, मालाच्या ओळींवर फिरणारा एक लूप, आणि 'किंमत मर्यादेपेक्षा जास्त आणि माल कापडी' असा दुसरा इफ: १ + १ + १ + २, म्हणजे ५. लिझार्ड मुळात १५ च्या पुढे इशारा देतं. मॅकेब यांनी १० सुचवले होते आणि हिशोबाच्या कोडला तेच ठेवावेत.

आकडा मोठा म्हणजे कोड वाईटच, असं नाही. जीएसटी नंबरच्या पहिल्या दोन अंकांवरून राज्य सांगणारा स्विच (२७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३६ तेलंगणा) तिशीच्या पुढे जातो, पण तो वाचायला सरळ असतो. अख्खा स्विच एकच धरण्याचा पर्याय लिझार्डमध्ये आहे, तो लावा.

आता कॉपी आणि गुंत्याची मिळून यादी लांबलचक झाली असेल. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) याच्या लॉगमधून गेल्या सहा महिन्यांत कोणती फाईल किती वेळा बदलली ते काढा आणि ते सीपीडी आणि लिझार्डच्या याद्यांशेजारी ठेवा. वारंवार बदलणारी आणि दोन्ही टूलच्या याद्यांत झळकणारी फाईल आधी हातात घ्या. कोणी हात न लावलेल्या जुन्या फाईलमध्ये गुंत्याचा आकडा ४० आला तरी ती राहू द्या.

कॉप्या एकत्र करण्याआधी टेस्ट लिहा: १०००, १००१, २५००, २५०१ या किमती, बदलाच्या आदल्या दिवशीची आणि त्या दिवशीची तारीख. एकसारख्या दिसणाऱ्या सगळ्या कॉप्या खरोखर एक नसतात. जुन्या बिलावरचा माल परत आला, तर क्रेडिट नोटला (परतीच्या मालाची रक्कम वजा करणाऱ्या कागदाला) मूळ बिलाचा दर लागतो. म्हणजे नव्या फंक्शनला किमतीबरोबर मूळ बिलाची तारीखही द्यावी लागते. ती न देता एकत्र केलंत, तर आधी बरोबर चालणारी क्रेडिट नोट बिघडेल.

शेवटी दोन्ही टूल बिल्डमध्ये (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पायरीत) घाला. कॉपी सापडली की सीपीडी बिल्ड पाडतं, म्हणून जुन्या प्रोजेक्टात सुरुवातीला त्याचा फक्त रिपोर्ट घ्या. लिझार्डला किती इशारे चालतील तो आकडा देता येतो. आज जेवढे आहेत तेवढेच द्या, आणि एखादं फंक्शन सुटसुटीत झालं की त्याच कमिटमध्ये तो आकडा एकाने खाली आणा.