बोन मॅरोच्या तपासणीत जोडीदाराला साथ कशी द्यावी

रक्ताच्या कर्करोगात बोन मॅरोची, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या हाडातल्या मगजाची, तपासणी सहसा एकदाच करून भागत नाही. निदानाच्या वेळी होते, पुढे किमो कितपत लागू पडली ते बघायला पुन्हा होते. पहिल्या वेळी बसलेली धास्ती पुढच्या प्रत्येक खेपेला सोबत येते, म्हणून पहिली खेप नीट पार पडणं महत्त्वाचं.

आदल्या दिवशी चालू औषधांची यादी करा आणि सैल कमरेचा पायजमा काढून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ती आपल्या मनाने बंद करू नका. फक्त जागा बधिर करणार की गुंगीही देणार, हे विचारा. गुंगी असेल तर किती तास उपाशी राहायचं आणि मधुमेहाच्या औषधाचं काय करायचं, ते लिहून घ्या. जोडीदार उपाशी म्हणून तुम्हीही उपाशी जाऊ नका. सुई बघून सोबतच्या माणसालाही भोवळ येऊ शकते, आणि मग नर्सला दोघांकडे बघावं लागतं.

आत थांबायची परवानगी मिळाली तर खरी परीक्षा इथे आहे. जोडीदाराला कुशीवर किंवा पालथं झोपवतात आणि कमरेच्या हाडात मागून सुई घालतात. तुम्ही डोक्याच्या बाजूला, तोंडासमोर, स्टुलावर बसा. उभं राहू नका, पाठीमागे डोकावू नका. तुमचा चेहरा हाच त्यांचा आरसा असतो. तुम्ही सुईकडे बघून डोळे मिटलेत की त्यांचं अंग ताठ होतं. हात धरायला दोन बोटं द्या, पूर्ण पंजा नको. दोन बोटं कितीही जोरात आवळली तरी तुम्हाला फारसं लागत नाही, आणि त्यांनाही जोर आखडता घ्यावा लागत नाही.

सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ असं सांगणं. असं कधीही सांगू नका. आधी बधिर करणाऱ्या इंजेक्शनची आग होते, ती थोड्या वेळात ओसरते. मग सुई हाडात जाताना जोराचा दाब जाणवतो. त्यानंतर सिरिंजने मगज ओढतात तो क्षण सगळ्यात कठीण. बधिर करणारं औषध कातडी आणि हाडाच्या वरच्या थरापर्यंत पोचतं, हाडाच्या आत नाही. म्हणून आतून काहीतरी ओढून काढल्यासारखी कळ येते, कधी मांडीपर्यंत उतरते. ती काही सेकंदच टिकते, पण आधी सांगितलं नसेल तर माणूस हादरतो आणि हलतो. त्यामुळे सुरुवातीलाच डॉक्टरांना विनंती करा: ‘ओढायच्या आधी आम्हाला सांगा.’ त्यांनी सांगितलं की तुम्ही हळू आवाजात म्हणा, ‘आता श्वास सोड... सोडत राहा.’ दम कोंडून धरला की अंग आवळतं आणि कळ जास्त जाणवते.

‘झालं, झालं’ हे खरंच झाल्याशिवाय तोंडातून काढू नका. ओढून झाल्यावर बहुतेकदा हाडाचा छोटा तुकडाही काढतात. त्यात सुई फिरवताना पुन्हा दाब येतो. कधी मगज निघतच नाही आणि दुसऱ्यांदा प्रयत्न करावा लागतो. त्या वेळी कपाळाला आठी पडू देऊ नका आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून अर्थ लावत बसू नका. तिथल्या तिथे ‘काय दिसतंय?’ असंही विचारू नका. मगज काढताना नुसत्या डोळ्यांनी डॉक्टरांनाही निदान कळत नसतं.

जोडीदार म्हणाला, ‘तू बाहेरच थांब,’ तर बाहेर थांबा. काहींना आपल्या माणसासमोर कण्हायचं नसतं. तीही साथच आहे.

नंतर जागेवर दाब येईल असं काही वेळ उताणं झोपवतात. उठवताना आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा. गुंगी दिली असेल तर त्या दिवशी गाडी त्यांनी चालवायची नाही. ड्रेसिंग २४ तास कोरडं ठेवा. त्यावर रक्ताचा डाग दिसला तर पेनाने त्याच्या कडेने रेघ मारा. डाग रेघेबाहेर गेला तर जागा १० मिनिटं सलग दाबून धरा, मधे उचलून बघू नका. तरी थांबलं नाही तर रुग्णालयात जा. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, जागा सुजत गेली किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, तरी फोन करा.

दुखणं दोन-तीन दिवस राहतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय देऊ नका. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असताना त्यांनी रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं असलं तरी प्रत्येक गोळीआधी ताप मोजा आणि आकडा लिहून ठेवा, कारण गोळीने ताप झाकला जातो. किमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच फोन करायचा. गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही.

रिपोर्ट एकदम येत नाहीत. मगजाचा आधी येतो. हाडाच्या तुकड्याला वेळ लागतो, कारण तो मऊ केल्याशिवाय त्याचे काप काढता येत नाहीत. जनुकांच्या तपासणीला आणखी दिवस लागतात. कोणता कधी येणार हे निघतानाच विचारून तारखा लिहून घ्या, आणि ‘काय झालं रिपोर्टचं?’ असे नातेवाइकांचे फोन एकाच माणसाकडे वळवा, जोडीदाराकडे नको.