अपग्रेडनंतर डेटा ‘गायब’? आधी या चुका टाळा

“अपग्रेड केलं आणि सगळा डेटा उडाला!” हे इतक्यांदा ऐकलंय की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डेटा उडालाय, की सॉफ्टवेअर भलत्याच डेटाबेसकडे बघतंय? बहुतेक वेळा दुसरंच निघतं. डेटा जागच्या जागी असतो, त्याचा पत्ता लिहिलेली चार ओळींची फाइल तेवढी कुणीतरी पुसलेली असते.

यातली सगळ्यात महागडी चूक म्हणजे जुनं फोल्डर उडवून तिथे नवी झिप उलगडणं. मी स्वतः केलीय, म्हणून सांगतो. एका छोट्या ऑफिसात नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर मीच बसवलं होतं, मागे डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस. शुक्रवारी संध्याकाळी घरी जायच्या घाईत जुनं फोल्डर पुसलं, नवं टाकलं, सर्व्हिस चालू केली. एकही एरर नाही. लॉगिनचं पान दिसलं आणि मी लॅपटॉप मिटला.

डेटाबेसचा पत्ता आणि बाकी सेटिंग लिहिलेली कॉन्फिग फाइल जुन्या फोल्डरबरोबर गेली होती. सेटिंग सापडली नाही की एसक्यूलाइटची (एकाच फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) रिकामी फाइल बनवून गुपचूप चालू व्हायचं, असा त्या सॉफ्टवेअरचा खाक्या. लॉगिन एलडॅपवरून, म्हणजे ऑफिसच्या वेगळ्या युजर-यादीवरून, होत असल्यामुळे सोमवारी लोक आरामात आत गेले. यादी रिकामी दिसली, तर “नवीन व्हर्जन आहे, जुनं नंतर येईल” असं एकमेकांना सांगून कामाला लागले. मला कळलं बुधवारी. तोवर नोंद क्रमांक १ इकडेही होती आणि तिकडेही, ८६ पर्यंत तीच गत. दोन्ही डेटाबेस समोरासमोर ठेवून एकेक नोंद नवा क्रमांक देऊन हलवण्यात तीन रात्री गेल्या. आणि लॉगच्या, म्हणजे प्रोग्राम स्वतः लिहितो त्या नोंदवहीच्या, सातव्या ओळीत पहिल्या दिवसापासून स्वच्छ लिहिलेलं होतं, डेटाबेस: एसक्यूलाइट. वाचलं कुणी?

तेव्हापासून माझी कॉन्फिग फाइल प्रोग्रामच्या फोल्डरात राहत नाही. ती ईटीसी या लिनक्सच्या सेटिंगच्या फोल्डरात असते आणि सर्व्हिसला तिचा रस्ता सांगितलेला असतो. अपग्रेडनंतर लॉगमधली डेटाबेसची ओळ डोळ्यांनी वाचतो आणि मग पाठ असलेली एखादी जुनी नोंद उघडून बघतो. लॉगिनचं पान दिसणं हा पुरावा नव्हे. आलेख दाखवणाऱ्या ग्राफानासारखी सॉफ्टवेअरसुद्धा काही सांगितलं नाही तर एसक्यूलाइटच घेतात.

कॉन्फिगमधल्या फक्त डेटाबेसच्या ओळी नव्या फाइलीत चिकटवणारेही भेटतात. फाइली साठवणाऱ्या नेक्स्टक्लाउडच्या कॉन्फिगमध्ये डेटाबेसच्या पासवर्डशेजारीच सीक्रेट आणि पासवर्ड सॉल्ट या गुप्त किल्ल्या असतात. ग्राफानाची सीक्रेट की बदलली, तर डेटा सोर्सचे (ती जिथून आकडे घेते त्या ठिकाणांचे) साठवलेले पासवर्ड उलगडत नाहीत. फाइल अख्खी न्या.

आता माझा दुसरा लाडका विषय: डॉकरमध्ये (प्रोग्राम बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) पोस्टग्रेसला ‘लेटेस्ट’ टॅग, म्हणजे आवृत्तीचा आकडा न लिहिता ‘सगळ्यात नवी द्या’ असं सांगणं. एके दिवशी नवी इमेज (कंटेनरचा तयार साचा) ओढली जाते, १६ चं १७ होतं आणि कंटेनर सारखा पडत-उठत राहतो. लॉग सांगतो की डेटा १६ ने बनवलाय, १७ ला तो चालणार नाही. हा बिघाड नाही, पोस्टग्रेस तुमचा डेटा सांभाळतंय. पण उतावळा नवशिका कुठलीशी एका ओळीची कमांड शोधतो, डेटा ठेवलेला व्हॉल्यूमच पुसतो आणि “आता चालू झालं!” म्हणतो. होणारच, रिकाम्या घरात कोण अडवणार? तीच गत पासवर्डची. कंपोझ फाइलमधला (कंटेनर कसा चालवायचा ते लिहिलेली फाइल) पोस्टग्रेसचा पासवर्ड डेटा डिरेक्टरी रिकामी असतानाच, पहिल्यांदा लागू होतो. नंतर तो बदलून कंटेनर शंभरदा रीस्टार्ट केलात तरी आतला जुनाच राहतो. शिवाय १८ च्या इमेजमध्ये व्हॉल्यूम जोडायची जागाच बदललीय. मी टॅगमध्ये आकडा लिहितो, जुनं चालू असतानाच पीजी-डंपऑल या कमांडने सगळ्या डेटाबेसची प्रत (डंप) घेतो, नव्या व्हॉल्यूममध्ये भरतो आणि जुना व्हॉल्यूम पंधरा दिवस तसाच ठेवतो. डिस्क भरते म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी मोठी डिस्क घ्यावी.

पीजी-डंपऑल युजर आणि त्यांचे पासवर्ड घेतं, एकाच डेटाबेसची प्रत काढणारं साधं पीजी-डंप तेही घेत नाही. आणि कोण कुठून जोडू शकतो हे ठरवणारी पीजी-एचबीए डॉट कॉन्फ ही फाइल दोघंही घेत नाहीत. ती वेगळी कॉपी करा.

डेबियन लिनक्सवर नवं पोस्टग्रेस बसवताना जुनं ५४३२ पोर्टवर चालू असेल, तर नवं ५४३३ वर जातं. अॅप जुन्याशीच बोलत राहतं आणि आपण समजतो अपग्रेड झालं.

पॅकेज अपग्रेड होताना “तुमची फाइल ठेवू की नवी आणू” असं विचारतं, तेव्हा नवी ती चांगली म्हणून वाय दाबू नका. नुसतं एंटर दाबलं की तुमची राहते. वाय दाबून बसला असाल तर शेजारीच डीपीकेजी-ओल्ड नावाने जुनी पडलेली असते.

उलट टोकाचेही आहेत. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ५.७ ची कॉन्फिग जशीच्या तशी ८.० ला देतात. क्वेरी कॅश (आधीची उत्तरं लक्षात ठेवायची सोय) ८.० मधून काढून टाकलाय, त्यामुळे त्याच्या सेटिंगची एक ओळ राहिली तरी सर्व्हर उठत नाही. इथे मात्र ओळ ओळ वाचूनच न्यावी लागते.

नेक्स्टक्लाउडमध्ये मोठ्या आवृत्त्या ओलांडता येत नाहीत, एकेक पायरीच चढायची.

आणि कुठल्याही अॅपची नवी आवृत्ती चालू करण्याआधी डंप घ्यायचा. बऱ्याचदा पहिल्याच स्टार्टला ती टेबलांची रचना बदलून टाकते, मग जुना प्रोग्राम परत टाकला तरी तो त्या टेबलांपुढे बावचळतो.