स्वस्त वाइनला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

स्वस्तातली बाटली उघडली, पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं, की सगळा दोष किमतीच्या माथी मारून लोक मोकळे होतात. बरेचदा वाइन ठीकठाक असते, गडबड ती पिण्यात झालेली असते.

सगळ्यात जास्त नडतं ते तापमान. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला थंडगार घरांच्या जमान्यातला. तेव्हाची खोली म्हणजे 16 ते 18 अंश. त्याहून बऱ्याच उबदार खोलीत तीच वाइन अल्कोहोलचा भपकारा मारते आणि फळांचा वास दबून जातो. बाटली 20-25 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. हलक्या रेडला 13-14 अंशसुद्धा मानवतात. व्हाइटचं नेमकं उलटं. फ्रीज साधारण 4 अंशांवर असतो, तेवढ्या गारठ्यात वास उठतच नाही. प्यायच्या पंधराएक मिनिटं आधी ती बाहेर काढा. (वाइन खरोखरच सुमार निघाली तर मात्र बर्फगार ठेवलेलीच बरी, दोष झाकले जातात.)

ग्लास एक तृतीयांशच भरा, नाहीतर घुसळायला जागा उरत नाही. आणि पहिल्या घोटावरून निकाल देऊ नका, तो नुसता जीभ सरावण्यात जातो.

उघडल्या उघडल्या विझलेल्या आगकाडीचा किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांत हे जास्त आढळतं. दहा मिनिटं ग्लास घुसळत राहा, बहुतेक वेळा वास उडून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर मात्र बूच दूषित आहे. तो कितीही घुसळून जात नाही आणि महागड्या बाटलीलाही सोडत नाही. अशी बाटली सरळ परत करा.

आता जेवण. रेडमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरट घटक, लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड तुरट पडतं. नुसती प्यायल्यावर करकरीत लागणारी रेड एखाद्या चरबीदार मांसाच्या किंवा जुन्या चीजच्या घासासोबत एकदम मवाळ होते. मीठही तिला सांभाळून घेतं. तीच रेड झणझणीत तिखटावर घेतलीत तर आग आणखी भडकते, कारण अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही तिखटाला चेव आणतात. तिथे कमी अल्कोहोलची, किंचित गोडसर व्हाइट घ्या. मासे आणि रेड ही जोडी का बिघडते, हे जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं: रेडमधल्या लोहामुळे माशाचा उग्र वास तोंडात रेंगाळतो. कमी लोहाच्या रेडला हा त्रास कमी होतो, पण लेबलावर लोह कुणी लिहीत नाही. तेव्हा माशांबरोबर व्हाइटच धरा.

गोड पदार्थासोबत कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली) वाइन म्हणजे हमखास फजिती, ती आंबट आणि पोकळ लागते. वाइन पदार्थापेक्षा गोडच हवी. लिंबू पिळलेल्या किंवा टोमॅटोच्या पदार्थाला मात्र आंबटसर वाइनच पेलते, मऊ, कमी आंबट वाइन त्यापुढे पाणचट वाटते. शंका असेल तर सोपी चाचणी करा: घोट, घास, पुन्हा घोट. दुसरा घोट पहिल्यापेक्षा वाईट लागला तर जोडी फसली.

‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ म्हणत स्वस्त बाटल्या साठवू नका. त्या ताज्याच प्यायच्या असतात. उघडलेली बाटली, मग ती रेड का असेना, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.