लेहचं झुडूप आणि लातूरची गोगलगाय: सुप्तावस्थेची तुलना कशी करावी

लडाखचं सीबकथॉर्न हे काटेरी झुडूप हिवाळ्याआधी पानं गाळतं. मराठवाड्यातली शंखी आफ्रिकी गोगलगाय पाऊस सरला की मातीत शिरते आणि शंखाचं तोंड पातळ पांढऱ्या पडद्यानं बंद करते. 'दोन्ही झोपतात' एवढ्यावर प्रकल्प संपवला तर हाती काही लागत नाही. खरा प्रश्न असा: हवं ते पुरवलं तर जाग येते का?

गोगलगायी सारख्या आकाराच्या दहा घ्या. रबरी हातमोजे हवेतच; उंदराच्या फुफ्फुसातल्या कृमीच्या अळ्या त्यांच्या अंगात असू शकतात, आणि त्या पोटात गेल्या तर माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतात. सच्छिद्र झाकणाच्या डब्यात ५ सेंमी कोरडी माती घालून पाच ठेवा, अन्नपाणी बंद. उरलेल्या पाच ओल्या मातीत, रोज पाला देऊन. दर आठवड्याला ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन घ्या, अलगद. हिसका बसला तर पडदा फुटतो आणि प्राणी जागा होतो. शंखाचं वजन घटत नाही, म्हणून शेवटी रिकामा शंख तोलून वजा करा, नाहीतर पाण्याची टक्केवारीतली घट कमी दिसेल. चार आठवड्यांनी कोमट पाणी फवारा आणि बाहेर यायला लागलेला वेळ टिपा.

झुडपाचा भाग लेहमध्येच करायचा. काटे बोचरे असतात, चामडी हातमोजे घाला. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून खूण केलेल्या एकाच झुडपाच्या २५ सेंमी फांद्या घ्या: काही नोव्हेंबरच्या मध्यात, काही फेब्रुवारीअखेर. गोठलेली फांदी थेट उबेत आणू नका. एक दिवस ५ अंशांत ठेवा. मग बुडखा पाण्याखाली पुन्हा कापून फांदी २० अंशांच्या उजेडाच्या खोलीत पाण्यात उभी करा. दर तीन दिवसांनी पाणी बदला, बुडखा १ सेंमी छाटा.

नोव्हेंबरच्या कळ्या ऊब मिळूनही रेंगाळतात, फेब्रुवारीच्या लवकर फुटतात. कळीला आधी पुरेशी थंडी साठावी लागते. तिचं कुलूप आतून असतं. गोगलगायीला बाहेरून ओल मिळाली की पुरे. फांदी हललीच नाही तर साल नखानं खरवडा: खाली हिरवं असेल तर सुप्त, तपकिरी असेल तर मेलेली. ही तपासणी बहुतेक जण विसरतात आणि मेलेली फांदी सुप्त म्हणून नोंदवतात.

गोगलगायीची मिनिटं आणि कळीचे दिवस शेजारी मांडू नका. प्रत्येकाची तुलना त्याच्याच जोडगटाशी करा: कोरड्या मातीतल्या गोगलगायींची ओल्या मातीतल्यांशी, नोव्हेंबरच्या फांद्यांची फेब्रुवारीच्यांशी.

गोगलगायी लेहला नेऊ नका, काम झाल्यावर शेतातही सोडू नका. साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात बुडवून माराव्यात, खोल पुराव्यात.