कोकणच्या सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) धावपट्टीसाठी एडीएस-बी: बसवावे कसे, पारखावे कसे

दोन छोटी विमाने प्रत्येकी १०० नॉट वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातले अंतर दर सेकंदाला सुमारे १०३ मीटरने घटते. समोरची वस्तू दिसणे, ते विमान आहे हे ओळखणे, टक्कर होईल हे उमगणे आणि आपले विमान प्रत्यक्षात वळणे, या सगळ्याला मिळून अमेरिकी विमान नियामकाच्या पुस्तिकेत १२.५ सेकंद धरले आहेत, म्हणजे सुमारे १,३०० मीटर. दहा मीटर पंखांचे विमान त्या अंतरावरून हात लांब करून धरलेल्या तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान दिसते आणि वैशाखात समुद्र व आकाश एकाच राखाडी रंगाचे झाले की तेवढेही दिसत नाही. म्हणूनच आपण कुठे आहोत हे रेडिओलहरींनी आपोआप सांगत राहणारे यंत्र हवे. या पद्धतीलाच एडीएस-बी म्हणतात.

यंत्र निवडताना पहिला मान ट्रान्सपॉंडरला, म्हणजे रेडिओवरून आलेल्या प्रश्नाला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राला, द्यावा. प्रवासी विमानातील टक्करविरोधी यंत्रणा १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारते आणि १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर ऐकते. जो उत्तर देत नाही तो तिच्या लेखी आकाशात नसतोच. केवळ एडीएस-बी संदेश सोडणारे खिशातले सुटे यंत्र अशा प्रश्नाला उत्तर देत नाही, त्यामुळे सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानाची ही यंत्रणा आपल्याबाबत वैमानिकाला सावध करील अशा भ्रमात राहू नये. उंची आणि स्वतःचा वेगळा पत्ता यांसह उत्तर देणारा मोड-एस ट्रान्सपॉंडर आणि त्यालाच जोडलेले एडीएस-बी हा खर्चिक, पण सर्वांत भरवशाचा मार्ग होय. अमेरिकेत चालणारी ९७८ मेगाहर्ट्झची पद्धत आपल्या उपयोगाची नाही. ब्रिटनने कमी शक्तीच्या सुट्या यंत्रांसाठी वेगळे मानक केले असले, तरी ते इथे आपोआप लागू होत नाही. प्रक्षेपण करणारे काहीही विकत घेण्याआधी नागरी विमानवाहतूक महानिदेशालयाची मान्यता आणि वायरलेस परवाना यांबाबत लेखी विचारणा करावी.

यानंतर विमानाची ओळख सांगणारा २४ बिटांचा पत्ता यंत्रात भरावा लागतो. भारताच्या वाट्याचे पत्ते षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत ८००००० पासून सुरू होतात, म्हणून भरलेला पत्ता ८० ते ८३ यांपैकी कशानेच सुरू होत नसेल तर चूक नक्की समजावी. जुळला तरी तो आपल्याच विमानाच्या कागदपत्रांवरून अक्षरन् अक्षर ताडून पाहावा. क्लबमधले सुटे यंत्र एका विमानातून काढून दुसऱ्यात ठेवले आणि पत्ता बदलायचा राहिला, तर एक विमान दुसऱ्याच्या नावाने उडते. ट्रान्सपॉंडर एडीएस-बी सोडत असताना सुट्या यंत्राचे प्रक्षेपणही चालू ठेवू नये. तसे केल्यास आपल्याच शेजारी एक भूत उडताना दिसते.

अँटेना हा खरा कळीचा भाग आहे, आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. १०९० मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी जेमतेम ६.९ सेंटिमीटर, म्हणजे बोटाएवढी असते. तेवढ्या लांबीच्या अँटेनाला खाली धातूचा सपाट पृष्ठभाग लागतो आणि आडोसा अजिबात चालत नाही. कार्बन फायबरचे अंग, इंजिन आणि शेजारी बसलेल्या माणसाचे शरीर या सर्वांची सावली पडते. डॅशबोर्डवर ठेवलेले यंत्र मागून येणाऱ्याला क्वचितच नीट दिसते.

खाऱ्या वाऱ्याचा हिशेब परदेशी माहितीपुस्तिकांत सहसा सापडत नाही. एका पावसाळ्यानंतर मी अँटेनाचा जोड उघडला, तेव्हा आतल्या पिनेवर परसातल्या जुन्या तांब्याच्या घंगाळाला चढतो तसा हिरवा कळंक चढला होता, आणि यंत्राचा दिवा मात्र अगदी निरोगी हिरवा. त्यानंतर मी जोडावर आपोआप चिकटणारी रबरी पट्टी खालून वर गुंडाळतो, केबलला जोडाआधी खाली झोळ देतो म्हणजे पाणी तिथेच ठिबकते, आणि गणपतीआधी व दिवाळीनंतर जोड उघडून पाहतो.

धावपट्टीच्या कार्यालयात फक्त ऐकणारे यंत्र बसवायचे असेल, तर छोटा संगणक, यूएसबी रिसीव्हर आणि १०९० ची अँटेना एवढ्यावर भागते. मात्र केबल आखूड ठेवावी आणि विमानतळ चालकाची परवानगी घ्यावी. ३० फूट उंचीच्या अँटेनाला १,००० फुटांवरचे विमान समुद्राच्या बाजूने तत्त्वतः ८० किलोमीटरांपलीकडूनही ऐकू येते. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे, आणि सड्याच्या कडेखालून खाडीच्या तोंडाशी उडणारे विमान जवळ असूनही गायब होते. म्हणून अँटेना इमारतीच्या सोयीच्या कोपऱ्यावर न लावता सड्याच्या समुद्राकडच्या कडेजवळ उभारावी. इंटरनेटवरून येणारा नकाशा उशिराचा असतो. त्यावरून कुणालाही उतरायला सांगू नये.

बसवून झाल्यावर ओळखीच्या वैमानिकाला साधारण पाच किलोमीटरवर घिरट्या घालायला सांगून स्वतः सावकाश पूर्ण वळण घ्यावे. कोणत्या दिशेला तोंड असताना त्याच्या पडद्यावरून आपण नाहीसे होतो, ते एका कागदावर गोल काढून नोंदवावे, आणि तो कागद विमानातच ठेवावा. उंचीची तुलना करताना दोन्ही यंत्रे १०१३.२५ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबावरून मोजतात हे ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात स्थानिक दाब १००४ च्या आसपास असला, तर आपल्या उंचीमापकात आणि यंत्राच्या आकड्यात सुमारे अडीचशे फुटांचा फरक दिसेल, तो बिघाड नव्हे.

पडदा रिकामा असला तरी उतरताना ठरलेल्या प्रत्येक टप्प्यावर रेडिओवर आपली जागा सांगावी, कारण जुने विमान, ट्रान्सपॉंडर नसलेला पॅरामोटर आणि किनाऱ्यावर लग्नाचे चित्रण करणारा ड्रोन यांपैकी काहीही पडद्यावर नसू शकते. शेवटच्या वळणाआधी नजर पडद्यावरून काढून बाहेर ठेवावी, आणि सुकटीच्या खळ्यांवर घिरट्या घालणाऱ्या घारी कोणत्या बाजूला आहेत ते आधी पाहून घ्यावे.