हँक ॲरन यांची कारकीर्द आकड्यांतून कशी वाचावी
अमेरिकन बेसबॉलपटू हँक ॲरन यांच्या कारकिर्दीचा अभ्यास त्यांच्या ७५५ होम रनच्या (चारही बेस पार करून देणाऱ्या फटक्यांच्या) विक्रमापासून सुरू करू नये. तो विक्रम २००७ मध्ये बॅरी बाँड्स यांनी मोडला. आधी एकूण बेस, म्हणजे फटक्यांवर गाठलेले मैदानावरील टप्पे, पाहावेत: एकेरी फटक्याला एक, दुहेरीला दोन, तिहेरीला तीन आणि होम रनला चार असे मोजत गेल्यास ६,८५६ ही बेरीज येते, आणि ती आजही कोणाला ओलांडता आलेली नाही. मग ३,७७१ हिट्समधून (फलंदाजाला बेसवर पोहोचवणाऱ्या यशस्वी फटक्यांमधून) होम रन वजा करावेत. उरलेल्या ३,०१६ हिट्ससुद्धा, माझ्या मते, थोर फलंदाजाला शोभतील अशाच आहेत. होम रनचे आधीचे विक्रमवीर बेब रूथ यांना मागे टाकणाऱ्या ८ एप्रिल १९७४ च्या ७१५व्या होम रनची नोंद वाचताना मात्र, या कृष्णवर्णीय खेळाडूला त्याआधी आलेली धमकीची पत्रेही विचारात घ्यावीत.