गादा ओळखताना या चुका टाळा

गादा दिसला, एवढं पुरत नाही. कोणता गादा दिसला हे कळायला हवं. सिंधुदुर्गातल्या देवबाग, निवतीच्या पाण्यात वावरणारा आपला हा गादा, म्हणजे हम्पबॅक डॉल्फिन, धोक्यात आलेली प्रजाती आहे. तो किनारा धरूनच राहतो, त्यामुळे तीच तीच जनावरं पुन्हा भेटतात. ओळख पटते ती पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला पडलेल्या खाचांवरून.

सगळ्यात जास्त फसवतात ते ओरखडे. माझ्या वहीत एकच गादा दीड वर्ष दोन नावांनी नांदत होता. डाव्या बाजूच्या फोटोत परावर लांब पांढरा ओरखडा, उजव्या बाजूला काहीच नाही. मी दोन वेगळे धरले. एका रात्री उजवा फोटो कॉम्प्युटरवर आरशासारखा उलटवून डाव्याशेजारी ठेवला. टोकाच्या जरा खाली नखाएवढी खाच, तिच्याखाली जुन्या नोटेचा कोपरा फाटावा तसा तुकडा गेलेला. दोन्हीकडे तंतोतंत तेच! खाच पराच्या आरपार असते, दोन्ही अंगांनी दिसते. ओरखडा एकाच अंगाला असतो, शिवाय काही महिन्यांत बुजतोही. म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो घ्याच.

याच्या उलट चूकही होते: घाईघाईने दोन जनावरांना एक ठरवणं. एकाची दोन नावं झाली तर संख्या फुगते, दोघांचं एक झालं तर घटते. जरा जरी शंका असेल तर जुळवू नका, ‘अनिश्चित’मध्ये ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी आपलं मत आधी न सांगता तेच फोटो दाखवा.

पर तिरका दिसत असेल तर खाच लपते. पर अगदी आडवा समोर आल्यावरच फोटो घ्या, शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवून. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी होडी किनारा आणि गादा यांच्यामध्ये ठेवली की ऊन आपल्या पाठीशी येतं. दुपारनंतर समोरून चकाकी येते आणि वाराही उठतो.

रंगावरून किंवा ‘हा नेहमी रापणीजवळच (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याजवळच) येतो’ अशा सवयीवरून नाव देऊ नका. ज्यांच्या परावर एकही खाच नाही, विशेषतः पिल्लं, ती वेगळी मोजा. ओढूनताणून कुणाशी जुळवू नका.

परच नसेल तर? आर्क्टिककडच्या बेलुगा व्हेलला पर नसतो. अलास्काच्या कुक इनलेटमध्ये २००५पासून त्यांच्या पाठीवरच्या आणि कुशीवरच्या खुणांचे फोटो जुळवून एकेक बेलुगा ओळखतात. तिथेही एकच बाजू पाहून चालत नाही. बेलुगाचं पिल्लू करडं जन्मतं आणि वयाबरोबर पांढरं होतं, त्यामुळे रंगावर भिस्त ठेवणारा तिथेही फसेल. आपल्याकडचा पॉर्पॉइज, डॉल्फिनचाच छोटा नातेवाईक, तोही बिनपराचा. पण तो बुजरा, पाठ क्षणभर दाखवून बुडी मारतो. त्याला नाव द्यायच्या भरीस पडू नका, जागा, वेळ आणि संख्या टिपा.

आणि तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, ‘अजून जवळ घे’ म्हणू नका. कळपाच्या वाटेत होडी आडवी घातली की ते बुडी लांबवतात आणि लांब निघून जातात. इंजिन मंद ठेवून बाजूने समांतर चालवा. पुढच्या श्वासाला ते कुठे वर येतील, हे बहुतेक वेळा आपल्याआधी तांडेलच दाखवतो.